मैत्रिणीचं नाव घेते

नाशिकरोड
८ मार्च १९७६

सई,

भांडणानेच सुरुवात करते. पोटात ठेवलं तर जेवण जात नाही.

परवा शनिवारी तू साडेदहाच्या बसने स्टँडवर उतरणार होतीस आणि तिथून स्टेशनवर जायच्या आधी आपण अर्धा तास बसणार होतो. शाळा सुटायला दहा मिनिटं उशीर झाला. मी पोचले तर सायखेड्याची बस रिकामी उभी. तू दिसलीस, पण पाठमोरी. पुढे ट्रंक घेतलेला हमाल, त्याच्यापुढे तुझे यजमान वाल्मीकभाऊ, आणि तू टांग्याकडे निघालेली. मध्ये फक्त तीस पावलं आणि शंभर माणसं. हाक मारायला तोंड उघडलं ते तसंच राहिलं. नाव काही येईना. बावीस वर्षं जे घेतलं नाही ते एकदम कसं येणार? शेवटी ओरडले, "अगं ए सई." एक केळीवाली वळली. एक कंडक्टर हसला. तू नाही वळलीस. स्टेशनवर धावत गेले तोवर गाडी हलली होती.

म्हणजे तू वर्षभरासाठी समुद्रावर गेलीस आणि आपला निरोप राहिला.

आई म्हणते, "नावानं हाक मारली असती तर जीभ झडली असती का?" तिला काय सांगू.

आता काम देते. बोटीवर वाल्मीकभाऊ तारायंत्राशी बसणार, तू काय करणार? मैत्रिणीला हाक मारायचे आपले मराठी शब्द संपले आहेत. सखी, गडणी, मैतरणी, जिवलग सगळं वापरून झालं. हिंदीतली सहेली आणि गुजरातीतली बहेनपणीही. ही सई दुसऱ्यांदा वापरते, कारण स्टँडवर ती वाया गेली. तेव्हा ज्या बंदराला बोट लागेल तिथल्या बायका मैत्रिणीला काय म्हणतात ते विचारायचं आणि तो शब्द पत्राच्या डोक्यावर घालायचा. मी इकडे देवळाली कॅम्पातल्या फौजी बायकांकडून मिळवीन. त्यांची मुलं माझ्या वर्गात आहेत. प्रत्येक पत्राला नवा शब्द. जिचा आधी संपेल ती हरली.

पाकीट नेहमीप्रमाणे शाळेतल्या मोतीराम शिपायाकडून लिहून घेतलं आहे. कंपनीच्या मुंबई कार्यालयामार्फत पाठवते, पुढे ते आणि समुद्र बघून घेतील.

तुझी
चंद्रभागा


जिनोव्हा, इटली
२ एप्रिल १९७६

आमीका,

हा घे पहिला.

भाजीबाजारात तुळशीसारख्या पाल्याच्या जुड्या विकणारी एक बाई होती. मला तिची भाषा येत नाही, तिला माझी नाही. मी स्वतःकडे बोट केलं, मग लांब पूर्वेकडे केलं, आणि दोन्ही करंगळ्या एकमेकींत अडकवून दाखवल्या. तिने दोन जुड्या बांधून दिल्या. मी पुन्हा करंगळ्या दाखवल्या. तिने आणखी दोन बांधल्या. शेवटी मी शेजारच्या टोमॅटोवालीला ओढून आणलं आणि दोघींचे हात एकमेकींच्या गळ्यात घातले. मग दोघी एका सुरात ओरडल्या, "आमीका." जुड्या चार झाल्या. बोटीवरच्या स्वयंपाक्याने त्यांची आमटी केली. बरी लागली.

आता दुसरी गोष्ट. आमचे हे तुझा पत्ता लिहिता लिहिता म्हणाले, "बारा वर्षं मी तुझ्या मैत्रिणीचा पत्ता लिहितोय. तुझा हात मोडलाय का?" इतकी वर्षं विचारलं नव्हतं. मग सांगितलं. वसतिगृहात रोज संध्याकाळी हजेरी. बाई पूर्ण नाव वाचायच्या, बापाच्या नावासकट, आडनावासकट. तुझं आडनाव वाचलं की जेवायच्या पंगतीत मुली सरकून बसायच्या. एकदा मी उठून तुझ्या शेजारी बसले आणि तुझ्या ताटलीतली भाकर मोडून खाल्ली. बातमी सायखेड्याला गेली. मावशी आली. "कोण ती? पुरं नाव सांग." मी म्हटलं, "तिला नाव नाही."

त्या दिवसापासून तुला नाव नाही आणि मला नाही. जी घेईल किंवा लिहील तिने मैत्री सोडली. पाकिटावरचंसुद्धा दुसऱ्याच्या हाताने. फक्त स्वतःचं नाव लिहायची मुभा. बारा-तेरा वर्षांच्या पोरींनी केलेला कायदा, पण अजून मोडला नाही.

ऐकून हे हसले नाहीत. म्हणाले, "नवऱ्याचं नाव घेत नाहीस, मैत्रिणीचं घेत नाहीस. जहाज बुडायला लागलं तर हाक कुणाला मारशील?"

मी म्हटलं, "तुम्ही आहात ना तारा पाठवायला."

तुझी
चतुरा


नाशिकरोड
१९ एप्रिल १९७६

गेळती,

कानडी. एका हवालदाराची बायको मुलीचा दाखला न्यायला आली होती, तिने दिला. करंगळ्या अडकवाव्या लागल्या नाहीत, तिला मराठी येतं.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "आमीका? आंब्याची जात वाटती." मग भाकरीचं वाचलं. तेव्हा म्हणाली, "ती भाकर मीच थापून दिलती. बाजरीची व्हती."

मला आठवत नव्हतं गं. आईला आठवत होतं.

तुझी
चंद्रभागा


मार्सेल, फ्रान्स
६ मे १९७६

आमी,

फ्रेंचांची मैत्रीण म्हणजे आमी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं. सायखेड्यात "आमी आलो" म्हणतात ना, तेच. इथे एक जण असली तरी आमी आणि आपल्याकडे सगळे मिळून आमी.

शब्द दिला मासळीबाजारातल्या एका दांडग्या बाईने. तिची मुलगी कॉलेजात शिकते, इंग्रजी बोलते, तिच्याशी माझं तोडकंमोडकं जमलं. ती म्हणाली, "आमी आई म्हणते. आम्ही मुली कोपीन म्हणतो." मी म्हटलं, आमच्याकडे कौपीन म्हणजे गोसाव्यांची लंगोटी, तो शब्द मी पत्राच्या डोक्यावर कसा लिहू? तिला लंगोटी समजावताना अख्खा बाजार जमला.

पण तिने सांगितलं, त्या शब्दाच्या पोटात भाकरी आहे. जिच्याबरोबर भाकर वाटून खाल्ली ती कोपीन. मी तिला बाजरीची गोष्ट सांगितली. तिने आईला सांगितली. त्या दांडग्या बाईने मला एक मोठा मासा दिला आणि माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले. साडीला दोन दिवस मासळीचा वास.

तुझ्या आईंना माझा नमस्कार सांग. म्हणावं, ती भाकर मार्सेलपर्यंत पोचली.

तुझी
चतुरा


नाशिकरोड
२४ मे १९७६

स्नेहितुरालू,

तेलुगू. लिहायला लांब, पण म्हणायला गोड आहे.

सुट्टी चालू आहे. आई पापड लाटते, मी वाळवते. मोतीराम गावी गेला होता, म्हणून पत्राला आठ दिवस उशीर.

तुझी पत्रं मी दोन-दोनदा वाचते. एक सांगू? त्यात बाजार दिसतो, मासा दिसतो, मासेवाली दिसते. तू कमी दिसतेस. डोकं दुखतं का अजून? समुद्र लागतो का? पुढच्या पत्रात बाई थोडी कमी आणि तू थोडी जास्त लिही.

तुझी
चंद्रभागा


लिस्बन, पोर्तुगाल
१४ जून १९७६

आमीगा,

आधी कबुली. बार्सिलोनात विचारलं, तिथेही आमीगाच निघालं. मी म्हटलं, पुढे पोर्तुगाल आहे, तिथे वेगळा मिळेल. इथेही आमीगा. म्हणजे दोन देश खर्ची पडून शब्द एकच. पण मी म्हणते, शब्द एक असला तरी बाई वेगळी, तेव्हा दोन धर.

आणि काय बाई सांगू. फिलोमेना तिचं नाव. बंदरावरच्या चढावर राहते, बोटीवरचे कपडे धुते. नवरा मासेमारीला गेला तो परत आला नाही. बोट माल भरायला नऊ दिवस थांबली, त्यातले सहा दिवस मी तिच्याकडेच. मी तिला पिठलं करून घातलं, तिने मला मीठ लावलेल्या माशाचं कालवण दिलं. ती दोरीवर कपडे वाळत घालते आणि गाते, मी चिमटे देते. संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसतो, काही बोलत नाही. बोलायला भाषाच नाही. इतकं निवांत मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. माझी हिरवी साडी तिला दिली. तिने ती खिडकीला पडदा म्हणून लावली आहे आणि छान दिसते.

उद्या निघायचं म्हणून काल दोघीही रडलो. हे म्हणाले, "सहा दिवसांत एवढं?"

पत्र लहान करते, ती खालून हाक मारते आहे. हो, ती मला चतुरा म्हणते. तिला चालतं, तिला आपला कायदा लागू नाही.

तुझी
चतुरा


नाशिकरोड
३ जुलै १९७६

आज शब्द नाही. शब्द आहे, पण तुला द्यावासा वाटत नाही.

मी तुला शब्द आणायला सांगितले होते, बायका नव्हे.

ती हिरवी साडी आपण येवल्याच्या बाजारात दोघींनी मिळून निवडली होती. दोन घेतल्या, एक तुला, एक मला. तीच नेसून तू स्टँडवरून गेलीस, म्हणून तर गर्दीत मला तू दिसलीस. ती आता लिस्बनच्या खिडकीला आहे. छान दिसत असेल.

तुझ्याशी न बोलता ओट्यावर बसायला मला कोणी दिलं नाही. मला निरोपाचा अर्धा ताससुद्धा मिळाला नाही. आणि ती तुला हाक मारते, नावाने. बावीस वर्षं जे मी तोंडात धरून ठेवलं ते ती चढावरून ओरडते.

मी चिडून लिहीत नाही. चिडून लिहिलेलं काल फाडलं, हे दुसरं आहे. तुझं मन भरलं असेल तर लांबण नको. आपला कायदा सोपा आहे. पाकिटावर तुझ्या हाताने माझं नाव लिही. मी समजेन.

चंद्रभागा


कॉन्स्टान्त्सा, रुमानिया
११ जुलै १९७६

प्रियेतेना,

लिस्बननंतर तुझं पत्र आलेलं नाही, पुढच्या बंदराला असेल.

ह्यांच्या पोटात परवा दुखायला लागलं. कप्तानाने बोटीतून उतरवून इथल्या इस्पितळात आणलं. आंत्रपुच्छ फुटायच्या बेतात होतं. काल शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर काहीतरी सांगतात आणि मान हलवतात. ती हो म्हणून हलवतात की नाही म्हणून, ते मला कळत नाही. बोट काल निघून गेली. मी बाहेर बाकावर बसले आहे.

इथे फरशी पुसणारी दोइना नावाची बाई आहे. रात्रपाळी संपली तरी घरी गेली नाही. माझ्याशेजारी बसून राहिली. पाव आणि आलुबुखारचा मुरंबा दिला. शब्द मी मागितला नव्हता. तिनेच छातीवर हात ठेवून सांगितलं, प्रियेतेना. ऐकलं आणि मला त्यात आपलं 'प्रिय' दिसलं. खरं-खोटं पंडितांना ठाऊक. ऐकून मी रडले, कारण मला ती नको होती, तू हवी होतीस.

दोन कामं कर. कंपनी सायखेड्याला तार करणार आहे. गावात तार म्हणजे एकच बातमी असते. सासूबाई वाचायच्या आधीच हंबरडा फोडतील. तू आधी जा आणि त्यांना तोंडाने सांग. त्या तुला ओळखत नाहीत, तू त्यांना ओळखत नाहीस, तरी जा. आणि दुसरं, मला लिही. काहीही लिही, पापडांचं लिही. मला तुझं अक्षर बघायचं आहे. कंपनीचा इथला पत्ता मागे दिला आहे.

टपाल पाचला निघतं, आता पावणेपाच झाले.

चतुरा


नाशिकरोड
६ सप्टेंबर १९७६

सहायिके,

पाली. विहारात भंतेजींना विचारला. म्हणाले, मदतीला येते ती. हा शब्द मी तुला देते, मी स्वतः त्याला लायक नाही.

तुझं ११ जुलैचं पत्र मला २४ जुलैला मिळालं आणि मी ते १ सप्टेंबरला फोडलं. एवढंच सांगून थांबले असते तर बरं झालं असतं, पण पुढचंही सांगते.

पाकिटावर वाल्मीकभाऊंची ती तारेसारखी सरळ अक्षरं नव्हती. तुझी होती. इंग्रजीत पत्ता आणि खाली मराठीत माझं नाव, 'च'च्या पोटाला तुझी नेहमीची गाठ. माझं नाव तुझ्या अक्षरात मी कधी पाहिलं नव्हतं. सुरेख दिसत होतं. तेच जास्त लागलं. तीन आठवड्यांपूर्वी मी लिहिलं होतं, नाव लिही, मी समजेन. मी समजले. पाकीट न फोडता वर्गाच्या कपाटात नकाशांच्या मागे ठेवलं. आईला सांगितलं, बोट लांब गेली आहे.

बुधवारी मोतीराम नकाशा काढायला गेला.

"बाई, हे फोडलंच नाय?"

"नाही."

"का बरं?"

"पत्ता बघ. कुणाच्या हातचा आहे?"

त्याने चष्मा लावला, पाकीट उजेडात धरलं. "तुमच्या मैत्रिणीच्या हातचा."

"मग कळलं ना?"

"कळलं. लिवायला त्यांचे मालक नव्हते."

मी पाकीट त्याच्या हातातून घेतलं. तो म्हणाला, "मी गावी गेलतो तवा तुम्ही आठ दिस पत्र टाकलं नाय. माझी वाट बघितली. त्यांना वाट बघाया सवड नसंल. पत्ते लिवणाऱ्याला हे कळतं, बाई. फोडा आधी, तिकडं माणूस आजारी असंल."

फोडलं. तो गेला आणि दार लोटून गेला.

काल रविवारी सायखेड्याला गेले. नदीकाठच्या त्या रस्त्याने चालत तुझं घर गाठलं. तुझ्या सासूबाई, शकुबाई, ओसरीवर कांद्याचं बी निवडत होत्या. मी म्हटलं, मी तुमच्या सुनेची मैत्रीण. त्या म्हणाल्या, "नाव?" मी सांगितलं, पूर्ण, आडनावासकट. त्या म्हणाल्या, "ठाऊक हाय. पोरगं बारा वरसं लिवतंय ते पाकिटावर. मला वाटलं जुलैतच येशील."

तार आली तेव्हा शेजारच्या मास्तरांनी वाचून दाखवली. रडारड झाली, पण पंधरा-वीस दिवसांत वाल्मीकभाऊंचं स्वतःचं पत्र आलं. बरे आहेत, टाके काढले. हे सगळं त्यांनी मला सांगितलं. मी सांगायला गेले होते आणि ऐकून आले. मग म्हणाल्या, "बस. जेवल्याबिगर जायचं नाय. आमच्या सुनेच्या मावशीनं तवा जे केलं, ते माझ्या कानावर हाय." आणि माझ्यासमोर एकाच ताटात दोघींचं वाढलं.

मी तुला एक महिना आणि आठ दिवस त्या बाकावर एकटीला बसवलं. आता तू जे म्हणशील ते मान्य. पापड चांगले झाले होते.

चंद्रभागा


सुवेझ
२६ सप्टेंबर १९७६

कुमाद्रे,

हा फिलोमेनाचा दुसरा शब्द. तुझ्या लेकराची जी दुसरी आई होते ती. लिस्बनपासून राखून ठेवला होता, मला हरायचं नव्हतं.

तुझी दोन्ही पत्रं हातात आहेत. पहिलं, ३ जुलैचं, मला ऑगस्टमध्ये मिळालं. तोवर हे काठी घेऊन चालायला लागले होते. वाचून मला इतका राग आला की मी दोइनाला मराठीत सगळं ऐकवलं. तिने मान डोलावत ऐकलं आणि मुरंबा वाढला. मी पुढे काही लिहिलं नाही, कारण मला वाटलं, मी इस्पितळातून बोलावते आहे आणि ही साडीवरून रुसली आहे.

तुला विचारते, तुझी ती कानडी हवालदारीण, ती तेलुगू बाई, त्यांचं मी कधी काढलं का? आता काढते. गेळती कोण? दिसायला कशी आहे? तिच्याबरोबर चहा प्यालीस का?

आणि पाकिटाचं खरं सांगते. मी नाव लिहिलं हे मला आठवतसुद्धा नाही. पावणेपाच वाजले होते, मी लिहिलं आणि पळाले. कायदा वगैरे डोक्यात नव्हता. डोक्यात फक्त तू होतीस.

हे हसून हसून टाक्यावर हात धरतात. म्हणाले, "म्हणजे मी एक दिवस रजेवर गेलो तर तुमची बावीस वर्षांची मैत्री संपली." मग गंभीर होऊन म्हणाले, "पण नियमाप्रमाणे संपलीच की."

तेच विचारायचं आहे. नाव लिहिलं गेलं, कायदा मोडला. परत यायची वाट आपण ठेवलीच नव्हती. आता काय करायचं? तूच सासूबाईंना विचार. गावातले तंटे त्या पंचांपेक्षा बरे मिटवतात.

एक राहिलं. हिरव्या साडीचा अर्धाच भाग पडदा आहे. अर्धा माझ्या ट्रंकेत आहे. मी एवढी पण वेडी नाही.

तुझी
चतुरा


नाशिकरोड
२८ ऑक्टोबर १९७६

या पत्राला डोकं नाही. शब्द तळाशी आहे, म्हणून सावकाश वाच.

गेळतीचं नाव गिरिजा. ठेंगणी आहे, हसताना तोंडावर पदर घेते. चहा तीनदा प्याले. आता तू रूस.

पाडव्याला सायखेड्याला गेले, आईला घेऊन. दोघी म्हाताऱ्या एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी करत बसल्या. मग मी सासूबाईंपुढे खटला मांडला. हजेरी, भाकर, कायदा, पाकीट, सगळं. त्या शांतपणे करंज्या भरत होत्या.

"आन् म्हणून तुमी नाव घेत नाय?"

"नाही."

"नवऱ्याचं बी नाय घेत आपण. पर लग्नात घेतोच का नाय? बाया दार अडवत्यात, नाव घेतल्याबिगर आत सोडत नायत. तवा काय करतो?"

आई म्हणाली, "उखाणा."

"मंग. उखाण्यात घेतलं तर मोडत नाय, मान वाढतो. नवऱ्याचं चालतं तर मैत्रिणीचं का चालू नये? तो दारू पिऊन आला तरी त्याचं घेत्यात. ही तर भाकर खाऊन आली."

आई इतकी हसली की करंजी हातातून सुटली. निकाल असा: दोघींनी उखाण्यात नाव घ्यायचं, चारचौघांत, एकदा. मग पुढे हवं तसं.

मी म्हटलं, मला जमत नाही. त्या म्हणाल्या, "मास्तरीण ना तू?" आणि दाराला आडव्या उभ्या राहिल्या. बसची वेळ झाली होती. शेजारच्या चार बायका जमल्या. मी उंबऱ्यात उभी, हातात तुझ्या घरच्या भाकरीची शिदोरी. मग घेतला:

मार्सेलला आमी, जिनोव्हात आमीका,
देशोदेशी मैत्रिणीच्या निरनिराळ्या हाका;
साऱ्या गोड, मी कुणालाच नावं नाही ठेवत,
चतुराचं नाव घेते, सायखेड्याची भाकर जेवत.

तोंडातून तुझं नाव बाहेर पडलं तेव्हा ते माझंच मला अनोळखी वाटलं. तीन अक्षरं. एवढंच होतं ते. बायका म्हणाल्या, "आणखी एकदा." दुसऱ्यांदा घेतलं. बसमध्ये आई झोपली आणि मी खिडकीशी तोंड करून आणखी काही वेळा घेतलं.

आजचं पाकीट मी माझ्या हाताने लिहिणार आहे. मोतीरामला सांगितलं तर तो दुखावला. "म्हंजी माझी नोकरी गेली?" मी म्हटलं, तिकिटं तू लाव. तो लावतो आहे, वाकडी.

तुझी
चंद्रभागा


सायखेडा
३ जानेवारी १९७७

चंद्रभागा,

लिहून बघितलं. या वेळी आठवणीने लिहिलं.

आम्ही गुरुवारी मुंबईला लागलो, शुक्रवारी गाडीने आलो. सामान फार, म्हणून निफाडलाच उतरलो. दीर ट्रॅक्टर घेऊन आले होते. गाडी नाशिकरोडला थांबली तेव्हा मी खिडकीतून तुझ्या शाळेच्या दिशेने बघितलं. एक केळीवाली दिसली. तीच असेल.

ह्यांची तब्येत चांगली आहे. सासूबाई त्यांना तूप पाजतात आणि गावाला टाका दाखवतात. दोइनाला आणि फिलोमेनाला मी हरभऱ्याची डाळ पाठवणार आहे. पत्ते तू लिही. तुझ्या हाताने त्यांची नावं लिहिलीस की तू पण त्यांना ओळखू लागशील, मग मला एकटीला बोलता येणार नाही.

तुझा उखाणा सासूबाईंनी सगळ्या गल्लीला पाठ करून दिला आहे. चार वर्षांची पोरं आमी-आमीका करत फिरतात. माझा तयार आहे, पण लिहून पाठवत नाही. चारचौघांत घ्यायचा असं ठरलं आहे ना? मग स्टँडवर शंभर माणसं असतात.

येत्या शनिवारी, साडेदहाची बस. या खेपेला शाळा पाच मिनिटं आधी सोड. तुझी हिरवी साडी नेस. माझी अर्धीच उरली आहे, ती मी डोक्याला बांधून येते.

उखाण्याआधी एक करणार आहे. बसच्या पायरीवर उभी राहून त्या वसतिगृहातल्या बाईंसारखी हजेरी घेणार आहे. चंद्रभागा जयराम पगारे. बापाच्या नावासकट, आडनावासकट, स्टँडच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

लोक वळून बघतील. बघू दे. तू फक्त 'हजर' म्हण.

चतुरा